कोऱ्या पाण्याची ओळ

मी तिसऱ्या फळीवरच्या सातव्या काचपेटीतली मासोळी बोलतेय. अंगावर निळसर पट्टे, लांबी तुमच्या करंगळीच्या दोन पेरांएवढी. पट्ट्यांमुळे मला झेब्रा मासा म्हणतात. तो खरा झेब्रा मी कधी पाहिला नाही, पण तोही सदा घाबरलेला असतो असं ऐकलंय. तसं असेल तर नाव अगदी बरोबर ठेवलंय.

कारण घाबरणं हेच माझं काम आहे. तुम्ही ज्याला घाबरायला हवं, त्याला तुमच्याआधी आम्ही घाबरायचं, म्हणून आम्हाला इथे पाळलंय.

माझा जन्म काचेच्या वाटीत झाला. आई कोण, बाप कोण, ठाऊक नाही. आमची अंडी आरपार दिसतात, त्यामुळे आमचं काहीच झाकलेलं राहत नाही. पहिल्या दिवशी मी नुसता ठिपका होते. दुसऱ्या दिवशी त्या ठिपक्यात काहीतरी धडधडायला लागलं, तेही लोकांनी पाहिलं. तिसऱ्या दिवशी मी अंड्यातून बाहेर पडले तेव्हा वर एक प्रचंड मोठा डोळा होता. मी जीव खाऊन शेपटी मारली आणि वाटीच्या कडेला जाऊन आदळले.

"ही चपळ दिसतेय," डोळ्यामागून आवाज आला. "हिला वाढवू या."

त्या एका फटक्यावर माझं आयुष्य ठरलं. माझ्याबरोबरची बाकीची अंडी आदल्याच दिवशी कुठेतरी गेली होती. कुठे गेली, ते मला मोठी झाल्यावर कळलं.

आमची खोली लांबट आहे. खिडकी नाही. भिंतीला लोखंडी फळ्या, फळ्यांवर काचपेट्या, प्रत्येक पेटीत वरून पाण्याची बारीक धार. दिवे ठरल्या वेळी लागतात, ठरल्या वेळी जातात. माझी पेटी अगदी टोकाला आहे आणि तिच्यासमोरच आमच्यावर प्रयोग करणाऱ्या मॅडमचं टेबल, टेबलावर मायक्रोस्कोप. त्यामुळे खोलीत काय चाललंय ते मला दिसतं, आणि पाण्यातून आवाजही बरा ऐकू येतो. दिसलं नसतं, ऐकू आलं नसतं, तर बरं झालं असतं असं मला कितीदा तरी वाटलंय.

आम्हाला सांभाळायला एक ताई होती. सगळे तिला नुसतं ताई म्हणायचे, तिच्याहून वयाने मोठी असलेली मॅडमसुद्धा. ताई पेट्या घासायची, पाणी मोजायची, आणि सकाळ-संध्याकाळ आम्हाला खायला घालायची, कधी कोरडी भुकटी, कधी इवलेसे जिवंत किडे. घालताना बोलायची. "चला गं बायांनो, या. धक्काबुक्की करू नका, सगळ्यांना मिळेल." सगळ्यांना कधीच मिळायचं नाही, पण ती म्हणायची ते ऐकायला बरं वाटायचं.

दर सोमवारी संध्याकाळी ताई मला आणि माझ्या जोडीदाराला एका लहान डब्यात ठेवायची, मध्ये आरपार दिसणारी भिंत. तो पलीकडे, मी अलीकडे. सकाळी दिवे लागले की भिंत उचलायची, मग मी अंडी घालायची. डब्याच्या तळाला जाळी असायची आणि अंडी जाळीतून खाली पडायची. जाळी कशाला, ते सांगते. आम्हाला स्वतःची अंडी खायची खोड आहे. लपवून काय उपयोग? पण खरं सांगू, आमच्या तोंडातून सुटलेली अंडी कुठे जातात ते एकदा पाहिलं, आणि मग कुणाचं तोंड वाईट याचा मला निवाडा करता येईना.

ती मॅडमच्या टेबलावर जात. तिथे एक ताटली असे, शहाण्णव बारीक खळग्यांची. एका खळग्यात एक अंडं. मग मॅडम प्रत्येक ओळीत काहीतरी थेंबथेंब सोडायची, पहिल्या ओळीत अगदी थोडं, पुढच्या ओळीत त्याहून जास्त, असं करत करत. कधी तो भिंतीचा रंग असे, कधी फरशी पुसायचं द्रव, कधी खेळण्यांच्या प्लास्टिकमधलं काहीतरी. सगळ्यात शेवटच्या ओळीत काहीच टाकायची नाही. नुसतं स्वच्छ पाणी. तिला मॅडम 'कोरी ओळ' म्हणायची. कोऱ्या ओळीतली पिल्लं ठणठणीत निघाली, तरच बाकीच्या ओळींचा अर्थ लावता येतो.

एकदा ताईने विचारलं, "मॅडम, एवढ्याशा माशाला काही झालं म्हणून माणसाला होईल, असं कुठे असतं का?"

"होईलच असं नाही," मॅडम मायक्रोस्कोपवरून डोळा न काढता म्हणाली. "पण सुरुवातीचे दिवस यांचे आणि आपले बरेच सारखे असतात, ताई. हृदय आधी नुसती नळी असते, मग वळते, मग ठोके पडतात. आपल्या बाळाचं हे पोटात चालतं, तिथे काय बिघडतंय ते बघता येत नाही. यांचं बघता येतं. यांच्यात बिघडलं तर आपण सावध व्हायचं, एवढंच."

"म्हणजे ही धोक्याची घंटा."

"हो, घंटा."

घंटेला कसं वाटतं हे दोघींनीही विचारलं नाही.

मला स्वतःलाही एकदा तपासलं होतं. जाळीने उचलून एका अनोळखी उंच पेटीत टाकलं, समोर कॅमेरा. आम्ही घाबरलो की तळाशी जातो आणि धीर आला की हळूहळू वर येतो. मी किती वेळ तळाशी बसले ते मोजलं. माणसं भीती गिळतात, लपवतात, हसण्यावारी नेतात. माझी भीती मिनिटा-सेकंदांत कागदावर लिहिलेली आहे.

असं माझं एक वर्ष गेलं. मग गच्चीवरची पाण्याची टाकी गळायला लागली.

टाकीला आतून लेप द्यायचं ठरलं. ताईचा नवरा हेच काम करायचा. भिंतींना, टाक्यांना, गच्च्यांना गळतीचे लेप लावायचा. ताईनेच इमारतीच्या व्यवस्थापक साहेबांना त्याचं नाव सुचवलं. दोन दिवस पाणी बंद राहणार म्हणून तिने आदल्या दिवशी चार मोठे पिंप भरून ठेवले. तीन वापरले, चौथा कोपऱ्यात झाकण लावून तसाच राहिला.

काम झाल्यावर नवरा तिला भेटायला खोलीत आला. हात पांढरे, नखांत लेप. "टाकी आतून आरशासारखी केलीय," तो म्हणाला. "डोकावलीस तर भांग पाडता येईल."

ताई खूश दिसत होती, पण ते टाकीमुळे नव्हतं. त्याच दिवशी सकाळी खोलीत कुणी नसताना ती माझ्या पेटीला नाक लावून हळूच म्हणाली होती, "कुणाला सांगू नकोस हं. दोन पट्ट्या उमटल्यात. अगदी तुझ्यासारख्या." मला काही कळलं नाही. पण तिने एक हात पोटावर ठेवला होता, आणि दिवस भरलेल्या माद्या मी रोज बघते. मग कळलं.

दुसऱ्या दिवशी आमच्या पेटीत वरून पडणाऱ्या धारेला वास आला.

तो कसा होता ते तुम्हाला सांगता येणार नाही, तुमच्या नाकाला तो कळलाही नसता. घाबरलात की तुम्ही म्हणता तोंडचं पाणी पळालं. आम्हाला ती सोय नाही. आमचं पाणी तोंडातून कल्ल्यांत जातं, कल्ल्यांतून रक्तात. पळायचं म्हटलं तरी ज्याच्यापासून पळायचं त्यातच पोहायचं. मी तळाशी गेले. माझा जोडीदार गेला. खालच्या फळीवरचे, वरच्या फळीवरचे, सगळे तळाशी गेले. भुकटी वर तरंगत राहिली.

"आज सगळ्या खाली का बसल्यात?" ताई म्हणाली.

"परवा दिवे बदललेत ना, त्यामुळे असेल," मॅडम म्हणाली.

दोन-तीन दिवसांत आम्हाला त्या वासाची सवय झाली, आणि आम्ही वर आलो. सवय होणं हे वास येण्याहून वाईट, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

त्या महिन्यात मॅडमच्या कामाला माझीच अंडी जात होती, कारण बाकीच्या माद्या कोवळ्या होत्या. मंगळवारी अंडी ताटलीत गेली. शनिवारी मॅडमने मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि खुर्ची मागे सरकवली.

"कोरी ओळच बिघडलीय."

कोऱ्या ओळीतल्या पिल्लांच्या पाठी वाकल्या होत्या. हृदयाभोवती पाणी साचून छातीचे फुगे झाले होते. त्यांना काहीच दिलं नव्हतं, तरी. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच.

"या जोडीत खोट आहे," मॅडम म्हणाली. "आधी नर बदलून पाहू."

गुरुवारी दुपारी ताईने जाळी घातली. माझा जोडीदार माझ्या अंगाला अंग लावून कोपऱ्यात दडला होता. जाळीच्या कडेला त्याची कातडी खरचटली, आणि त्या खरचटलेल्या कातडीतून एक गंध सुटला. आमच्यात असा गंध सुटतो. जखमी झालेला बाकीच्यांना सांगून जातो, की पळा. मी पळाले. चार बोटं रुंद पेटीत मी कुठे पळणार? टेबलावर बर्फाच्या पाण्याचं भांडं होतं. तो त्यात गेला. एकदा शेपटी हलली, बस्स. पण त्याचा तो 'पळा' माझ्या पाण्यात संध्याकाळपर्यंत घुटमळत होता.

दुसरा नर आणला. अंडी आली. पाठी वाकल्याच.

"मग हीच," मॅडम म्हणाली. माझ्याकडे बोट होतं. "उद्या हिलाही काढा, ताई. नव्या माद्या तयार होईपर्यंत काम थांबवू."

हातपाय गाळायला मला हातपाय नाहीत. मी कल्ले मिटून तळाला चिकटून राहिले. दुसऱ्या दिवशी ताई आली, तिने बर्फ आणला, जाळी हातात घेतली आणि माझ्यासमोर उभी राहिली. जाळी पाण्यात घातलीच नाही.

"मॅडम," ती शेवटी म्हणाली, "एक सांगू का? राग मानू नका."

"बोला."

"वर्षभर हिची अंडी चांगली होती. आपणच म्हणायचो, लेक असावी तर अशी. तीन आठवड्यांत ती बदलली? मासा तोच, ताटली तीच, हात तुमचेच. बदललं काय, तर पाणी."

"पाणी गाळून येतं, ताई."

"गाळण्या जुन्या झाल्यात, मी दोनदा लिहून दिलंय. आणि माझ्याकडे जुन्या पाण्याचा एक पिंप आहे. टाकीचं काम व्हायच्या आधी भरलेला. त्यात लावून बघू या ना. एकदाच. मग काढा हिला, मी अडवणार नाही."

मॅडमने जाळीकडे पाहिलं, मग बर्फाकडे. "ठीक आहे. दोन ताटल्या लावू. एक पिंपातल्या पाण्याची, एक नळाच्या."

त्या मंगळवारी मी अंडी घातली ती माझ्या जिवासाठी. असं कुणा आईने म्हणू नये, पण मी म्हणते. पाच दिवस मी टेबलाकडे बघत होते. माझ्याच पिल्लांपैकी निम्मी वाकडी निघाली तर मी जगणार होते. सगळी वाकडी निघाली तर भांडं. वाकडी निघा, वाकडी निघा, असं मी नळाच्या ताटलीला म्हणत होते. त्याची आठवण झाली की आजही मी तळाशी जाते.

शनिवारी मॅडमने पिंपाची ताटली पाहिली. "सरळ. सगळी सरळ आहेत. पोहतायत."

मग नळाची. एकेक खळगा तिने दोनदा तपासला. "ताई, तुमचं बरोबर होतं. पाण्यातच आहे काहीतरी. हृदयाला सूज, पाठ... या, बघा."

ताई पुढे झाली नाही. तिच्या हातात पाण्याची बाटली होती, बाहेरच्या व्हरांड्यातल्या नळावर नुकतीच भरलेली. झाकण उघडं. ती बाटलीकडे बघत होती.

"मॅडम, मला दिवस गेलेत," ती म्हणाली. "दुसरा महिना संपेल. मी हेच पाणी पितेय. महिना झाला."

मॅडम उठली. तिने ताईच्या हातातून बाटली काढून घेतली, हळूच, बाळ घेतात तशी, आणि टेबलावर ठेवली. मग ताईला खुर्चीत बसवलं. नुसती आमच्या पेट्यांत पडणाऱ्या धारांची चुळचुळ ऐकू येत होती, आणि तेही तेच पाणी होतं.

दुपारी ताईने नवऱ्याला बोलावून घेतलं. तो दारातूनच म्हणाला, "काय झालं? तू बरी आहेस ना?"

"लेप सुकायला किती दिवस लागतात?"

त्याची नजर तिच्यावरून टेबलावरच्या ताटल्यांकडे गेली.

"अहो, मी विचारतेय."

"डब्यावर सात लिहिलेत," तो म्हणाला. "मी सांगितलं होतं त्यांना. साहेब म्हणाले, दोन दिवसांत पाणी सुरू करा, लोक ओरडतायत. मी एकटा काय करणार?"

"मग आता हे मॅडमना सांगा. लिहून द्या."

"अगं, माझं नाव आलं तर मला कामं देणारा मुकादम पुन्हा दारात उभा करेल का? आपल्याला आता बाळ होणार, आत्ताच काम घालवू?"

"आणि बाळाला काही झालं तर? तेव्हा कुणाला नावं ठेवायची?"

त्याने आमच्या पेट्यांकडे पाहिलं. माझ्याकडेही. त्याचा चेहरा बघून मला वाटलं, यालाही तळाशी जायचंय, पण याला तळ नाही. मग त्याने मॅडमचं पेन मागितलं.

व्यवस्थापक साहेब वर आले ते तणतणतच. "माशांच्या पिल्लांवरून मी अख्ख्या इमारतीचं पाणी बंद करू?"

"मग कुणावरून करणार, साहेब?" मॅडम म्हणाली. "तळमजल्यावर पाळणाघर आहे. तिथल्या मुलांवरून कळेपर्यंत थांबायचं का?"

साहेबांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला. लावला तसा काढला. तासाभरात टाकीची झडप बंद झाली.

पुढे पाण्याच्या तपासणीत लेपातलंच द्रव्य सापडलं. टाकी खरवडली, गाळण्या बदलल्या. मुकादमाने ताईच्या नवऱ्याला घरी बसवलं. त्या दिवशी मॅडम माझ्या पेटीसमोर येऊन म्हणाली, "चूक तुझी नव्हती." माझ्या जोडीदाराचा विषय निघाला नाही. तो आता कशाला निघणार!

ताईने काम सोडलं. जाताना ती माझ्याशी बोलली नाही. तिची नजर माझ्यावर होती, पण मी तिला मासा दिसत नव्हते, त्या ताटलीतलं काहीतरी दिसत होते. ती भीती मला ओळखू आली. महिने गेले, आणि दार उघडलं की मी तळाशी जायचे. कोण आलं? काय बातमी?

बातमी मॅडमला फोनवर कळली. मुलगी झाली. हृदयात बारीकसं छिद्र आहे. डॉक्टर म्हणतात, पुष्कळांचं आपोआप बुजतं, थांबू या. पलीकडून ताई काहीतरी विचारत होती, कारण मॅडम बराच वेळ ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "नाही सांगता येत, ताई. आईने असलं पाणी न पिताही असं होतं कितीतरी बाळांना. पाण्यामुळे झालं असेल, नसेलही. मी खोटं नाही बोलणार तुमच्याशी. मला माहीत नाही."

मलाही माहीत नाही. हे मला सगळ्यात जास्त घाबरवतं. शहाण्णव खळग्यांबद्दल आम्ही बोलू शकतो. एका बाळाबद्दल नाही.

आता मी म्हातारी झालेय. पट्टे फिके पडलेत, शेपटीची कड विरलीय, अंडी कमी येतात. पण येतात. नवी सांभाळणारी बोलत नाही, कानात गाणी घालून काम करते.

गेल्या आठवड्यात दार उघडलं आणि ताईचा नवरा आत आला. मी तळाशी गेले. त्याच्या काखेत एक सीलबंद डबा होता.

"मॅडम, आधी गोड बातमी," तो म्हणाला. "छिद्र बुजलं. डॉक्टरांनी कालच सांगितलं. पोरगी धावायला लागलीय, तिची आई तिच्यामागे पळून पळून बारीक झालीय."

मॅडमने डोळे पुसले. मी तळ सोडून वर आले, अगदी वर, पाण्याच्या कातडीला तोंड लावून.

मग त्याने डबा टेबलावर ठेवला. "मी आता माझं स्वतःचं काम करतो. हा नवा लेप बाजारात आलाय. म्हणतात, काही होत नाही, दुसऱ्या दिवशी पाणी भरा. एका शाळेच्या टाकीला लावायचाय." तो जरा अडखळला. "लावायच्या आधी एकदा तुमच्या माशांना विचाराल का?"

मॅडमने डब्यावरचं लिहिलेलं वाचलं, मान हलवली आणि वहीत सोमवार लिहिला.

म्हणजे सोमवारी मला त्या लहान डब्यात ठेवतील. मंगळवारी दिवे लागले की भिंत उचलतील. मी घालेन ती अंडी ताटलीत जातील, कुणाच्या वाट्याला लेपाची ओळ येईल, कुणाच्या वाट्याला कोरी. नको म्हणायची मला सोय नाही, आणि त्या शाळेतली मुलं डोळ्यांसमोर आली की नको म्हणवतही नाही. मी घाबरलेय, एवढं मात्र लिहून ठेवा. तुमच्याकडे मोजायची सोय आहे.

माझं एकच मागणं आहे. आम्हाला विचारताय ना, तर उत्तर ऐका. ते साहेबांना आवडणारं नसलं, मुकादमाला परवडणारं नसलं, तरी ऐका. पाच दिवस लागतात. तेवढे थांबा.